जपानी वृत्तपत्रं, 'किशा क्लब' आणि परंपरा: नेमकं अडतं कुठे?

तांबडफुटी

'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या वृत्तस्वातंत्र्याच्या यादीत जपान २०१० साली ११व्या क्रमांकावर होता. २०१३ साली ५३, २०१६ साली ७२, २०२४ साली ७० आणि २०२५ साली ६६. नुसते आकडे वाचले तर वाटेल की मधल्या काळात पत्रकारांची धरपकड झाली, छापखान्यांना टाळी लागली. तसं काही झालेलं नाही. संविधानाचं २१वं कलम सेन्सॉरशिपला सरळ मनाई करतं आणि ते आजही जसंच्या तसं आहे.

कायद्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट घडली. डिसेंबर २०१३मध्ये विशेष गोपनीयता कायदा मंजूर झाला आणि १० डिसेंबर २०१४पासून लागू झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, हेरगिरी आणि दहशतवाद या चार विषयांतली माहिती 'विशेष गुपित' ठरवता येते. गुपित फोडणाऱ्या अधिकाऱ्याला १० वर्षांपर्यंत आणि त्याला फूस लावणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद. याच कायद्याच्या २२व्या कलमात वार्तांकनाच्या स्वातंत्र्याचा मान राखावा असंही लिहिलंय. पण बातमीदाराने चिकाटीने विचारत राहणं कुठे संपतं आणि फूस लावणं कुठे सुरू होतं, हे त्या कलमातून कळत नाही. १९७२ साली ओकिनावाच्या (अमेरिकेकडून जपानकडे) हस्तांतरणातला छुपा करार उघड करणाऱ्या 'माइनिची' दैनिकाच्या निशियामा ताकिची यांना १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोषी धरलं होतं, ते याच 'फूस लावण्या'च्या मुद्द्यावर. म्हणून बातमीदारांना धास्ती वाटते ती अकारण नाही.

तरी माझं मत असं की खरी अडचण कायद्यापेक्षा रिवाजात आहे. कुणी कुठे बसायचं, आधी कुणी विचारायचं, काय छापायचं नाही हे सगळं संकेतांनी ठरतं. आणि ज्या संस्था हे संकेत पाळतात त्याच मोठ्या वृत्तपत्रांच्या पैशावर जपानच्या कितीतरी परंपरा तगून आहेत. हे दोन्ही धागे एकत्र उलगडायला हवेत, म्हणून लिहितोय. जाणकारांनी भर घालावी.

काना_मात्रा

उत्तम विषय. 'किशा क्लब' म्हणजे काय ते आधी नीट सांगतो, कारण आपल्याकडे त्याला सरसकट 'प्रेस क्लब' म्हटलं जातं आणि तिथेच गल्लत होते. 'किशा' म्हणजे बातमीदार. मंत्रालयं, पोलीस मुख्यालयं, प्रांतांच्या कचेऱ्या, मोठे पक्ष, उद्योगसंघटना, प्रत्येक ठिकाणी त्या त्या इमारतीतच क्लबची खोली असते. जागा सरकारी, भाडं नाही. आत प्रत्येक कंपनीचं ठरलेलं टेबल आणि भिंतीवर एक फळा.

महाराष्ट्रात अधिस्वीकृती पत्रिका सरकार देतं. जपानमध्ये दाराशी सरकार उभं नसतं, क्लबचे सभासदच उभे असतात. सभासद म्हणजे मुख्यतः वृत्तपत्र संघटनेतल्या कंपन्या. पत्रकार परिषद बोलावतो क्लब, आणि आत कुणाला घ्यायचं तेही क्लबच ठरवतो. साप्ताहिकं, स्वतंत्र पत्रकार, परदेशी प्रतिनिधी वर्षानुवर्षं बाहेर राहिले ते असे. २००२ साली वृत्तपत्र संघटनेने क्लब खुले असावेत अशी भूमिका जाहीर केली, युरोपीय संघानेही तेव्हा तक्रार केली होती. त्यानंतर काही दारं किलकिली झाली. पण आत येऊन बसता येणं वेगळं आणि प्रश्न विचारता येणं वेगळं.

रोजचं काम कसं चालतं ते सांगतो:

'कांजी-शा' म्हणजे त्या पाळीची कारभारी कंपनी. ही पाळी आळीपाळीने फिरते. परिषदेत पहिले प्रश्न तिचे, आणि पंतप्रधानांच्या परिषदेत ते प्रश्न बहुतेक वेळा आधीच कळवलेले असतात. 'बान-किशा' म्हणजे एकाच नेत्याच्या मागावर नेमलेला बातमीदार. 'बुरासागारी' म्हणजे नेता चालता चालता थांबतो, भोवती कोंडाळं होतं, दोनचार मिनिटं बोलणं होतं. त्यानंतर 'मेमो-आवासे': सगळे बातमीदार आपापली टिपणं ताडून बघतात, म्हणजे कुणाचा शब्द चुकायला नको. हेतू चांगला आहे, पण याचमुळे दुसऱ्या दिवशी चार वर्तमानपत्रांत एकच वाक्य दिसतं.

रात्री आणि पहाटे अधिकाऱ्याच्या घरासमोर जाऊन उभं राहायचं, याला 'योउची-आसागाके' म्हणतात. रात्रीचा हल्ला आणि पहाटेची चढाई असा शब्दशः अर्थ, युद्धातलाच शब्द. खरी माहिती तिथे मिळते, पण नाव न छापण्याच्या बोलीवर. एकदा का अधिकारी दार उघडेनासा झाला की त्या बातमीदाराचं काम ठप्प.

आणि फळा. पुढच्या आठवड्यात जाहीर होणारी गोष्ट तिथे तारीख-वेळेसकट लिहिली जाते. एकदा ती फळ्यावर चढली की त्या वेळेआधी कुणीही छापायची नाही. एखाद्याकडे ती बातमी स्वतःच्या मेहनतीने आलेली असली तरीही नाही. मोडलं तर खुद्द क्लबच त्या कंपनीला काही काळ बाहेर ठेवतो. सहकारीच शिक्षा करतात, म्हणून ती जास्त झोंबते.

यात बिघडतं ते इथे: जपानी बातमीदाराला सगळ्यात मोठी भीती असते 'तोकु-ओची'ची, म्हणजे इतर सगळ्यांकडे असलेली बातमी एकट्या आपल्याकडे नसण्याची. एकट्याने बातमी आणल्याचं कौतुक होतं, पण एकट्याची बातमी हुकली तर जाब द्यावा लागतो. अशा हिशेबात माणूस कळपाबरोबर राहणारच.

शिवणपेटी

माहितीपूर्ण प्रतिसाद. एका बाबतीत मात्र क्लबची बाजू घेते.

१८९० साली पहिली संसद भरणार होती आणि बातमीदारांना आत सोडायला सरकार तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी एकत्र येऊन गट केला आणि प्रवेश मिळवला. किशा क्लबचं मूळ ते. म्हणजे जन्म हक्काच्या भांडणातून झाला. एकेकट्याला हाकलणं सोपं, पन्नास जणांना अवघड, हा मुद्दा आजही खरा आहे.

दुसरं उदाहरण अपहरणाचं. १९६० साली टोकियोत एका लहान मुलाचं अपहरण झालं, वर्तमानपत्रांनी तपास जसाच्या तसा छापला आणि मुलाचा खून झाला. पकडलेल्या आरोपीने बातम्यांमुळे आपण कोंडीत सापडलो असं सांगितलं. त्याच वर्षी वृत्तपत्रांनी ठरवलं की ओलीस सुटेपर्यंत अपहरणाची बातमी द्यायची नाही आणि त्या बदल्यात पोलिसांनी तपासाची माहिती नियमित द्यायची. हा करार अजून पाळला जातो, आणि तो असावा असंच मला वाटतं.

क्लब मोडून बघणारेही झाले. कामाकुराचे महापौर ताकेउची केन, स्वतः 'आसाही' दैनिकाचे माजी पत्रकार, यांनी १९९६ साली क्लबची खोली सर्व माध्यमांसाठी खुली केली. नागानोचे राज्यपाल तानाका यासुओ यांनी २००१ साली क्लबमुक्तीचा जाहीरनामाच काढला. २००९मध्ये सत्ताबदल झाल्यावर परराष्ट्रमंत्री ओकादा यांनी आपल्या परिषदा सर्वांना उघड्या केल्या. पण यात एक खोट आहे. दार उघडायचा अधिकार क्लबकडून नेत्याकडे गेला की बंद करायचा अधिकारही त्याच्याकडेच जातो.

हिरवा_चाफा

परंपरेचा विषय आहे तर राजघराण्यापासून सुरुवात करायला हवी. तिथे कायदा जवळपास गप्प आहे आणि संकेत सगळं बोलतो. जपानीत याला 'गुलदावदीची मनाई' म्हणतात, कारण गुलदावदी (शेवंतीचं फूल) हे राजघराण्याचं चिन्ह.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण तेव्हाच्या युवराजांच्या (आजच्या सम्राटांच्या) लग्नाचं. फेब्रुवारी १९९२मध्ये राजगृह संस्थेच्या विनंतीवरून वृत्तपत्र संघटनेने ठरवलं की वधूसंशोधनाबद्दल काही छापायचं नाही. मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. बातमी फुटली ती ६ जानेवारी १९९३ला, 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये. ओवादा मासाको यांचं नाव जपानी वाचकाला परदेशी वर्तमानपत्रामुळे कळलं आणि त्याच संध्याकाळी जपानी वाहिन्यांचे तासन् तास चालणारे कार्यक्रम सुरू झाले. सगळं तयार होतं, म्हणजे माहिती सगळ्यांकडे होती. संमती होती ती न सांगण्याला.

संकेतामागे भीतीही आहे आणि ती कल्पनेतली नाही. १९६० साली 'चुओ कोरोन' मासिकात राजघराण्यावर एक कल्पित कथा आली. फेब्रुवारी १९६१मध्ये १७ वर्षांचा एक उजव्या गटातला मुलगा प्रकाशकाच्या घरात घुसला. प्रकाशक घरी नव्हते. घरकाम करणारी बाई मारली गेली, त्यांची पत्नी गंभीर जखमी झाली. ज्या बाईचा कथेशी काडीचा संबंध नव्हता तिचा जीव गेला, ही गोष्ट जपानी संपादक कधी विसरले नाहीत.

मग ३ मे १९८७, संविधान दिन. निशिनोमियातल्या 'आसाही'च्या हानशिन कचेरीत रात्री सव्वाआठला बुरखाधारी माणूस शॉटगन घेऊन आला. कोजिरी तोमोहिरो हा २९ वर्षांचा बातमीदार ठार झाला, दुसरा जखमी. 'सेकिहोताई' नावाने जबाबदारी घेणारी पत्रं आली. आरोपी सापडला नाही आणि २००२ साली खटल्याची मुदत संपली. त्या कचेरीत तेव्हाच्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, त्यात छर्‍यांनी वाकलेलं एक बॉलपेन आहे. दर ३ मेला लोक तिथे फुलं वाहतात.

हेही नोंदवायला हवं की कोंडी नेहमी बाहेरूनच फुटते असं नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये, वाढदिवसाच्या पत्रकार परिषदेत, राजपुत्र आकिशिनो स्वतःच म्हणाले की 'दाइजोसाई' हा राज्यारोहणाचा धार्मिक विधी सरकारी पैशातून न करता राजघराण्याच्या खासगी खर्चातून करावा. बातमीदारांच्या लेखण्यांना जे अवघड जात होतं ते घरातल्याच माणसाने बोलून दाखवलं.

पटावरचा_मोहरा

'परंपरा वृत्तपत्रांच्या पैशावर तगून आहेत' या विधानाला आकडे देतो.

'गो' आणि 'शोगी' या दोन्ही बैठ्या खेळांच्या मोठ्या किताबांची यजमान वृत्तपत्रं आहेत. गोमधला 'होन्इन्बो' हे एका घराण्याचं वंशपरंपरागत नाव. शेवटचे होन्इन्बो शूसाई यांनी ते नाव गो-खेळाडूंच्या संघटनेकडे सोपवलं आणि 'माइनिची'च्या तेव्हाच्या आवृत्तीच्या पैशावर ते स्पर्धेचं किताब झालं. शूसाईंचा १९३८चा निवृत्तीचा डाव कावाबाता यासुनारी यांनी त्याच वर्तमानपत्रासाठी लिहून काढला. डाव छापला की अंक खपायचा, अंक खपला की खेळाडूंचं पोट चालायचं.

आता खप बघा. वृत्तपत्र संघटनेच्या मोजणीत दैनिकांचा एकूण खप १९९७ साली सुमारे ५ कोटी ३७ लाख होता. २०२३ साली २ कोटी ८६ लाखांच्या आसपास. त्याच वर्षी 'माइनिची'ने जाहीर केलं: होन्इन्बोचं बक्षीस २ कोटी ८० लाख येनवरून ८५ लाख येन, सात डावांऐवजी पाच, आणि प्रत्येक डाव दोन दिवसांऐवजी एका दिवसात.

दोनाचा एक दिवस झाल्यावर काय गेलं ते जवळून बघण्यासारखं आहे. दोन दिवसांच्या डावात पहिल्या संध्याकाळी 'फूजिते' असते, म्हणजे बंद चाल. ज्याची पाळी असेल तो खेळाडू प्रतिस्पर्ध्याला दिसणार नाही अशा जागी जाऊन पुढची चाल कागदावर नोंदवतो, कागद पाकिटात घालून बंद करतो आणि पंचाच्या हवाली करतो. रात्रभर त्या चालीचं कोडं दोघांच्या डोक्यात. सकाळी पंच पाकीट फोडतो आणि चाल मांडतो. होन्इन्बोच्या लढतीत ते पाकीट आता नाही. कुणी मनाई केली नाही. वर्तमानपत्राला परवडेना, इतकंच.

दुसरी बाजू यजमानपणाच्या ओझ्याची. 'आसाही'ने १९११ साली बेसबॉल विद्यार्थ्यांना कसा घातक आहे यावर लेखमाला चालवली होती. चारच वर्षांनी, १९१५ साली, आसाही शालेय बेसबॉल स्पर्धेची यजमान झाली. तीच आजची उन्हाळी कोशिएन. वसंतातली स्पर्धा 'माइनिची'ची. ऑगस्टच्या उन्हात मुलांना खेळवण्याबद्दल, एकाच मुलाने सलग दिवस शेकडो चेंडू टाकण्याबद्दल टीका कितीतरी वर्षं होती. आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा २०२०मध्ये आली, पाचव्या डावानंतरची १० मिनिटांची विश्रांती २०२३मध्ये, आणि पहिल्या तीन दिवसांचे सामने सकाळ-संध्याकाळ विभागणं २०२४मध्ये. जे वर्तमानपत्र मांडव घालतं त्याने मांडवातल्या उकाड्यावर अग्रलेख लिहायचा, हे अवघडच. एवढा उशीर लागला त्याचं एक कारण मला तरी हेच दिसतं.

दर्यालहर

+१. बंद चालीचा परिच्छेद वाचून कसंतरीच झालं.

सुमो कुस्तीचं एक उदाहरण जोडते. तिथे रिंगणात, म्हणजे 'दोह्यो'वर, स्त्रियांनी चढायचं नाही असा संकेत आहे. ४ एप्रिल २०१८, माइझुरू. दौऱ्यातल्या सामन्यांत भाषण करताना शहराचे महापौर रिंगणातच कोसळले. काही स्त्रिया धावत वर गेल्या आणि छातीवर दाब देऊ लागल्या. ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा घोषणा झाली की स्त्रियांनी 'दोह्यो'वरून खाली उतरावं. प्रेक्षकांतल्या कुणीतरी काढलेलं चित्रण इंटरनेटवर आलं आणि त्याच रात्री सुमो संघटनेचे अध्यक्ष हाक्काकू यांना माफी मागावी लागली. दोन दिवसांनी ताकाराझुकाच्या महापौर नाकागावा तोमोको यांना मात्र रिंगणाबाहेरच्या चौथऱ्यावरूनच बोलावं लागलं.

२००० साली ओसाकाच्या राज्यपाल ओता फुसाए यांनी रिंगणात जाऊन चषक द्यायची परवानगी मागितली होती, तेव्हाही नकारच. म्हणजे विषय जुना होता, बातम्याही आल्या होत्या. 'चर्चा सुरू आहे' यापुढे गाडी जात नव्हती. त्या चित्रणाने नियम बदलला नाही, पण नियमाची किंमत किती असू शकते ते सगळ्यांना दिसलं.

प्रश्न: क्लबच्या बाहेरच्या माणसाला सरकारी माहिती मिळवायचा रस्ता कोणता? आपल्या माहिती अधिकारासारखं काही आहे का?

अर्जफाटे

आहे. माहिती प्रकटन कायदा, एप्रिल २००१पासून लागू. भारतात अर्ज फक्त नागरिकाला करता येतो, तिथे 'कुणीही' असा शब्द आहे. म्हणजे टोकियोत किंवा पुण्यात बसलेली मराठी व्यक्तीसुद्धा करू शकते. रीत अशी:

१) ज्या मंत्रालयाकडे कागद असेल त्याच्या नावाने प्रकटन अर्ज, जपानीत. इथे माहिती मागायची नसते, दस्तऐवज मागायचा असतो. 'अमुक खर्च का वाढला' असं लिहिलं तर उपयोग नाही. 'अमुक वर्षाच्या अमुक कार्यक्रमाच्या खर्चाला मंजुरी देणारा कागद' असं लिहा.

२) एका दस्तऐवजाला ३०० येन, महसूल मुद्रांक चिकटवून. ऑनलाइन केलं तर २००.

३) ३० दिवसांत निर्णय, आणखी ३० दिवस वाढवता येतात.

४) मंजुरीचं पत्र आलं म्हणजे कागद आले असं नाही. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रती हव्यात की पाहायचंय ते वेगळं कळवावं लागतं. नवखे लोक हमखास इथे चुकतात आणि मुदत घालवतात. काळी-पांढरी प्रत पानाला १० येन.

५) नकार आला तर तीन महिन्यांत फेरविचाराचा अर्ज. तो स्वतंत्र परीक्षण मंडळापुढे जातो. कोर्टात जायचं तर सहा महिन्यांत.

हाती काय येतं? पुष्कळदा 'नोरी-बेन'. भातावर काळं समुद्रशेवाळ पसरलेल्या डब्याला हे नाव आहे आणि काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या सरकारी पानाला लोक तेच म्हणतात. त्याहून वाईट उत्तर म्हणजे 'दस्तऐवज अस्तित्वात नाही'. एका वर्षापेक्षा कमी काळ ठेवायच्या कागदांचा एक वर्ग आहे. गैरसोयीचे कागद त्या वर्गात टाकले की ते नियमानेच नष्ट होतात.

परंपरेशी थेट जोडलेलं उदाहरण: पंतप्रधानांचा साकुरा-दर्शनाचा (चेरीचा फुलोरा बघण्याचा) समारंभ. १९५२ ते २०१९ चाललेला रिवाज. २०१९ साली सुमारे १८,२०० पाहुणे आले, तरतूद १ कोटी ७७ लाख येनची आणि खर्च साडेपाच कोटींचा. आदल्या महिन्यातल्या समारंभाच्या पाहुण्यांची यादी मे महिन्यात यंत्रात घालून नष्ट झाली, त्याच दिवशी विरोधी खासदाराने तिची विचारणा केली होती. क्लबमधल्या मोठ्या वृत्तपत्रांचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं त्या बागेत हजर असायचे. पाहुण्यांत पंतप्रधानांच्या मतदारसंघातले लोक इतके कसे, हे छापलं ऑक्टोबर २०१९मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या 'आकाहाता'च्या रविवार आवृत्तीने. सगळ्यांसमोर घडणारी गोष्ट होती, तिला बातमी म्हणून पाहिलं बाहेरच्याने.

तांबडफुटी

अर्जफाटे, मुद्दा ४ साठी विशेष आभार. वाचनखूण साठवली.

यावरून एक विचारतो: राजधानीतल्या क्लबांचं झालं, प्रांतातल्या वर्तमानपत्रांचं काय? तिथे दबाव कुठून येतो?

खिळेजुळारी

वाचकांकडून. आणि हे फार जुनं आहे.

११ ऑगस्ट १९३३, नागानोचं 'शिनानो माइनिची'. संपादक किर्यू यूयू यांनी टोकियोतल्या हवाई संरक्षणाच्या कवायतीवर अग्रलेख लिहिला. म्हणणं साधं होतं: शत्रूची विमानं राजधानीवर येईपर्यंत आपण वाट बघणार असू तर लढाई आधीच हरलेली आहे, लाकडी घरांचं शहर जळून जाईल. सरकारने वर्तमानपत्र बंद केलं नाही. स्थानिक माजी सैनिकांच्या संघटनेने बहिष्काराची धमकी दिली, आणि घरोघर वर्गणीवर चालणाऱ्या वर्तमानपत्राला ती पुरली. किर्यू यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे नागोयाहून ते स्वतःचं लहानसं नियतकालिक काढत राहिले, १९४१ साली मृत्यू येईपर्यंत. मार्च १९४५मध्ये टोकियो जळालं.

त्यानंतर सरकारने 'एक प्रांत, एक वृत्तपत्र' असं धोरण राबवलं. कागदाचा पुरवठा हातात ठेवून वर्तमानपत्रं एकमेकांत मिसळायला लावली. १९४२पर्यंत शेकडो दैनिकांची पन्नाशीच्या आसपास उरली. युद्ध संपलं, पण ती रचना बऱ्याच अंशी तशीच राहिली. आज प्रांतागणिक एकच दणकट वर्तमानपत्र दिसतं, त्याच्या पायाशी सेन्सॉरचा दगड आहे. गावची जत्रा, नाट्य, बोली, शेतीचे विधी यांची सगळ्यात बारीक नोंद याच वर्तमानपत्रांनी ठेवली, हेही तितकंच खरं.

उत्तर जपानमधल्या ऐनू या मूळनिवासी लोकांच्या भाषेचं उदाहरण याच्या बाहेरचं आहे, म्हणून मोलाचं. युनेस्कोने २००९ साली ती नष्ट होण्याच्या काठावरची भाषा ठरवली. त्या भाषेत १९९७पासून 'ऐनू टाइम्स' नावाचं त्रैमासिक निघतं, काताकाना आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत. जुन्या कथा जपणं एक, आणि कालच्या घडामोडीला त्या भाषेत शब्द शोधणं दुसरं. भाषेला दुसऱ्याची गरज जास्त असते.

आणि ईशान्य किनाऱ्यावरचं इशिनोमाकी शहर. तिथलं 'इशिनोमाकी हिबी शिंबुन' १९१२पासूनचं संध्याकाळचं दैनिक. ११ मार्च २०११ला त्सुनामीचं पाणी छापखान्यात शिरलं, वीज गेली. छपाईच्या कागदाचं रीळ होतं, त्यातला न भिजलेला भाग कापून घेतला. मार्कर पेनांनी मोठ्या अक्षरांत बातम्या लिहिल्या, मग त्यावरून हाताने आणखी प्रती केल्या आणि निवारा केंद्रांत भिंतींवर लावल्या. १२ ते १७ मार्च, सलग सहा दिवस. मथळा वेगळ्या रंगात, मजकूर थोडा, कारण उभ्याने वाचणाऱ्या गर्दीला लांबूनही दिसायला हवा आणि हाताने नकलायला वेळ कमी. पहिल्याच अंकात अचूक माहितीवरूनच हालचाल करा असं बजावलेलं होतं. अफवांना उत्तर म्हणून.

दर्यालहर

ती पानं अजून आहेत का?

खिळेजुळारी

आहेत. काही जपानमध्येच, आणि काही वॉशिंग्टनच्या न्यूझियमने मागून घेतली होती. ते संग्रहालय २०१९च्या अखेरीस बंद झालं. कागद साधा वृत्तपत्राचाच आहे, उजेडात लवकर पिवळा पडतो. मार्करची शाईही फिकटते, लाल आधी आणि काळी नंतर. त्यामुळे कायम भिंतीवर टांगून ठेवता येत नाही, अंधारात सपाट ठेवावी लागतात.